माळ्यावरच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई: ओळखायची कशी, बसवायची कशी, कोकणच्या हवेत टिकवायची कशी

गणपतीसाठी घर उघडायचं, माळा झाडायला काढायचा आणि पत्र्याच्या ट्रंकेमागून रेकॉर्ड प्लेअर निघायचा, हे कोकणात दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात होतं. पुढचंही ठरलेलं असतं. कोणीतरी फडक्याने धूळ पुसतं, प्लग खुपसतं, हाताला येईल ती रेकॉर्ड चढवतं आणि सुई टेकवतं. तेवढं करू नका. मोटर अडकली असेल तर सुटते, रबर गेलं असेल तर नवं मिळतं; पण तुटक्या सुईने खाच खरवडली की ती रेकॉर्ड कायमची गेली. म्हणून आधी सुई कोणती ते ओळखा, मग ती धड आहे का बघा आणि त्यानंतरच रेकॉर्ड लावा. ॲम्प्लिफायर कुठला आणि स्पीकर कुठले, या चर्चा सगळ्यात शेवटी.

सुई खाचेत काय करते

एलपीच्या, म्हणजे मोठ्या लाँग-प्ले रेकॉर्डच्या, एका बाजूवर एकच लांबलचक खाच असते. बाजू २२ मिनिटांची धरली, तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने सुमारे ७३३ वेढे होतात आणि खाचेची लांबी जवळजवळ ४७५ मीटर भरते. तेवढं अंतर सुई दर वेळी घासत जाते.

खाचेच्या दोन तिरक्या भिंतींमध्ये ९० अंशांचा कोन असतो. सुईचं टोक गोलसर असल्यामुळे ते तळाला लागत नाही, दोन्ही भिंतींवर टेकून राहतं. भिंती नागमोडी असतात. त्या ढकलतील तशी सुई हलते, तिची दांडी हलते, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला जे काही बसवलेलं असेल (पडदा, स्फटिक किंवा चुंबक) ते त्या हालचालीचा आवाज करतं किंवा वीज. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये आतली भिंत डाव्या स्पीकरची आणि बाहेरची उजव्या. दोन भिंतींवर दोन आवाज कोरायची ही कल्पना ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ सालच्या पेटंटात मांडली होती. दुकानांत स्टिरिओ एलपी यायला मात्र १९५७-५८ उजाडलं.

आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, लेबलजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. त्यामुळे १०,००० हर्ट्झचा बारीक आवाज कडेला ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीत कोरलेला असतो, तर आत तोच २० मायक्रॉनमध्ये दाटीवाटीने बसवावा लागतो. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं पहिल्यापेक्षा जरा फाटकं वाटतं, त्याचं कारण हे. सुईचा आकार आणि तिची मांडणी चुकली की हाच फरक सहन होईनासा होतो.

पहिली पायरी: मशीन कुठल्या पिढीचं

चावी द्यायचा ग्रामोफोन असेल, तर त्यात वीज कुठेच नाही. सुई ज्या गोल डबीत बसते त्या साउंडबॉक्सच्या पडद्याला हलवते आणि तो आवाज भोंग्यातून किंवा पेटीच्या पोटातून मोठा होऊन येतो. जुन्या साउंडबॉक्समध्ये पडदा अभ्रकाचा, नंतरच्यांत ॲल्युमिनियमचा. साउंडबॉक्सचं वजन १०० ग्रॅमच्या वर असतं आणि ते सगळं सुईवर येतं. हे मशीन फक्त ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या रेकॉर्डींसाठी आहे. त्यावर एलपी किंवा ४५ची छोटी रेकॉर्ड एकदाच लावली तरी ती संपली. घरातल्या मुलांना हे आधी सांगून ठेवा, कारण गाणं वाजतं, ऐकूही येतं, आणि नुकसान दिसतं ते दुसऱ्यांदा लावल्यावर.

ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. डबीत २०० सुया मिळायच्या त्या उगाच नाहीत. लाखेच्या रेकॉर्डमध्ये मुद्दाम दगडी भुकटी मिसळलेली असते, आणि पहिल्या काही वेढ्यांतच ती सुईला घासून खाचेच्या मापाची करते. तीन-साडेतीन मिनिटांनी त्या सुईच्या कडा धारदार झालेल्या असतात. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली की त्या कडा भिंती कापत जातात. ‘अजून चांगली दिसतेय’ म्हणून बालगंधर्वांची रेकॉर्ड जुन्या सुईवर वाजवणाऱ्यांशी माझं पटत नाही. नव्या सुया मिळतात, त्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. बांबूच्या सुयाही पूर्वी विकल्या जात. त्या रेकॉर्डला मऊ असतात, पण जोरकस आवाजाच्या रेकॉर्डवर अर्ध्यातच मान टाकतात. करवंदीचा काटा लावून बघायचा मोह कोकणात सगळ्यांनाच होतो. बघायचाच असेल तर फुटक्या रेकॉर्डवर बघा.

साउंडबॉक्समधून पत्रा वाजल्यासारखी थरथर येत असेल, तर पडद्याच्या कडेची रबरी नळी कडक झालेली असते. जुने कारागीर तिथे सायकलच्या वॉल्वची नळी कापून घालतात आणि ती चांगली चालते. भोंग्याच्या आत हात घालून बघायलाही विसरू नका. कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला याहून चांगली जागा मिळत नाही, आणि ते घर आवाजाचा निम्मा रस्ता अडवतं.

विजेवरचा पेटीबंद प्लेअर असेल, आत स्पीकर असलेला, एचएमव्ही फिएस्टासारखा, तर त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. कार्ट्रिज म्हणजे सुई बसते तो, तिच्या हालचालीची वीज करणारा ठोकळा. ओळखायची खूण: कार्ट्रिजला छोटीशी पट्टी असते, ती फिरवली की सुई उलटते. एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. सुयांची टोकं वेगळी असायचं कारण मापात आहे. ७८च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन, स्टिरिओ एलपीच्या साध्या गोल सुईची १८ च्या आसपास. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी खडखडत राहते, आणि ७८ची सुई एलपीच्या खाचेत शिरतच नाही, वरच्या काठांवरून ओरबाडत जाते. दुसरी चूक जास्त महाग पडते.

तिसरी जात चुंबकी कार्ट्रिजची. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या टोकाला वेगळं हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज अडकवायचा तुकडा, त्याखाली चौकोनी ठोकळा, मागे चार रंगीत वायरी, आर्मच्या शेपटीला फिरवता येणारं वजन, हे दिसलं की समजा चुंबकी. यात दांडीच्या मागच्या टोकाला इवलंसं चुंबक असतं आणि समोर गुंडाळी. चुंबक हललं की गुंडाळीत ४-५ मिलिव्होल्ट वीज तयार होते. काही महागड्या कार्ट्रिजमध्ये उलट असतं, गुंडाळी हलते आणि चुंबक स्थिर; त्यांची वीज अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत असते. नवख्याने त्यांच्या नादी लागू नये, कारण त्यांची सुई घरी बदलता येत नाही.

दमट हवेने नेमकं काय मरतं

आमच्याकडच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यांचं जुन्या प्लेअरबद्दल निदान ठरलेलं असायचं, ‘पावसात ह्येका सर्दी होता.’ त्यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचे स्फटिक वापरत. स्फटिकाला पीळ बसला की वीज निघते, तीही भरपूर, व्होल्टाच्या घरात. पण हा क्षार पाण्यात विरघळणारा आहे. दमट हवेत ओलावा ओढून घेतो आणि ५५ अंश सेल्सियसच्या पुढे कायमचा बिघडतो. कोकणात चार महिने पाऊस, उरलेले महिने खारी हवा, आणि वैशाखात कौलांखालचा तापलेला माळा. त्यामुळे अशा कार्ट्रिजमधला स्फटिक जिवंत सापडणं जवळजवळ अशक्य. सुई टेकवली, प्लेअर फिरतोय, ॲम्प्लिफायर गुणगुणतोय, पण गाणं कुठेतरी दूर विहिरीतून येतंय, असं झालं तर ॲम्प्लिफायर उघडण्याआधी कार्ट्रिजवर संशय घ्या. नंतर आलेल्या सिरॅमिक कार्ट्रिजना ओलाव्याचा हा त्रास नाही, आणि बऱ्याचदा जुन्याच्या जागी नवं सिरॅमिक बसवता येतं.

चुंबकी कार्ट्रिजमध्ये चुंबक आणि गुंडाळी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. जातं ते रबर. दांडी ज्या चिमुकल्या रबरी कड्यात बसलेली असते ते कडं वर्षांनी कडक होतं किंवा चिघळतं. म्हणून ‘बंद पाकिटातली, कधीच न वापरलेली, १९७८ची मूळ सुई’ असं कोणी विकत असेल तर मी ती घेणार नाही. टोकाचा हिरा नवा असेल, रबर १९७८चंच आहे. आजची नवी सुई घ्या.

दुसरी पायरी: सुई बघणं

सुई काढता येत असेल तर पुढच्या बाजूला हळूच ओढून काढा. उजेडात बाजूने बघा. दांडी सरळ हवी. वाकलेली असेल तर सरळ करत बसू नका, मोडतेच. मग टोकाशी बघा. गोळाभर लोकर जमलेली असेल तर तिच्यात धूळ, बुरशी आणि रेकॉर्डचा कीस असं सगळं असतं. बारीक, मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने, एकेकदा झाडा. उलट किंवा आडवा ब्रश मारला तर दांडीच उपटून येते. बोट लावून बघायची सवय असेल तर ती आजच सोडा.

सोनाराकडचं १० पटीचं भिंग मिळालं तर हिरा जागेवर आहे की गळून पडलाय एवढं कळतं. झिजलाय का ते कळायला ४०-५० पट तरी मोठं दिसायला हवं. मोबाइलला लावायची छोटी सूक्ष्मदर्शक भिंगं त्या कामाला पुरतात. टोक गोल राहण्याऐवजी दोन्ही बाजूंना सपाट, चकाकणारे ठिपके दिसले तर सुई संपली. शंका असली तरी संपली असंच धरा. गोल टोकाचा हिरा साधारण ५०० तास जातो, लंबगोल टोकाचा ३०० च्या आसपास. नीलमण्याची सुई, जी स्वस्त सुटकेसवजा प्लेअरमध्ये येते, काही डझन तासांतच निकामी होते, आणि तिच्यावर भारही ५-६ ग्रॅमचा असतो. असा प्लेअर नव्या गाण्यांसाठी ठेवा हवा तर, आजोबांच्या नाट्यगीतांच्या एलपी त्यावर लावू नका.

नवी सुई कुठली घ्यायची? कार्ट्रिजच्या अंगावर नाव किंवा नंबर शोधा. सुई त्याच नंबरची लागते. कार्ट्रिजच नवं घ्यायचं तर नवख्यासाठी ऑडिओ टेक्निकाचं एटी-३६००एल पुरेसं दणकट आहे, टोक गोल, भार ३ ग्रॅम. त्याहून एक पायरी वर त्यांचंच व्हीएम-९५ई किंवा ऑर्टोफोनचं २एम रेड. दोन्ही लंबगोल टोकाची, भार अनुक्रमे २ आणि १.८ ग्रॅम. लंबगोल टोक खाचेच्या बारीक वळणांत जास्त आत शिरतं, म्हणून आतल्या गाण्यांना त्याचा फायदा. पण रेकॉर्डी घासलेल्या असतील, टोनआर्म जुना आणि जड असेल, तर गोल टोकाने सुरुवात केलेली बरी. ते मांडणीतल्या छोट्या चुका पोटात घालतं. मुंबईला जाणं होत असेल तर चोर बाजारात आणि लॅमिंग्टन रोडला चक्कर मारता येईल; चोर बाजारातून सुई मात्र पाकीट फोडून, भिंगातून बघितल्याशिवाय घेऊ नका.

तिसरी पायरी: कार्ट्रिज बसवणं

प्लग काढा. सुईला टोपी असेल तर ती घाला, किंवा सुईच काढून बाजूला ठेवा. चार वायरींचे रंग सगळीकडे सारखे असतात: पांढरी डाव्याची अधिक, निळी डाव्याची उणे, लाल उजव्याची अधिक, हिरवी उजव्याची उणे. टोकाच्या पितळी टोप्या चिमट्याने धरून खुंट्यांवर सरकवा. टोपी सैल असेल तर आत टाचणी धरून हलकेच दाबा. कार्ट्रिजच्या खुंटीला कधीही डाग देऊ नका. सोल्डरिंगच्या उष्णतेने आतली केसाएवढी तार सुटते. खाऱ्या हवेत या खुंट्यांवर हिरवट थर चढतो. एक आवाज येतो आणि दुसरा येत नाही, याचं कारण दहापैकी बहुतेक वेळा हा थर असतो. खोडरबराने किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. काढता येणाऱ्या हेडशेलच्या मागच्या चार टोकांनाही तेच.

कार्ट्रिजचे दोन स्क्रू १२.७ मिलिमीटर अंतरावर असतात. आधी सैलच ठेवा, कारण आता कार्ट्रिज पुढे-मागे सरकवायचं आहे.

रेकॉर्ड कोरणारी सुई सरळ रेषेत आत सरकते, आपला आर्म मात्र एका खिळ्याभोवती फिरतो. त्यामुळे सुई संपूर्ण बाजूवर खाचेच्या अगदी सरळ राहणं शक्यच नाही. आर्मला पुढे वाक देऊन आणि सुई रेकॉर्ड अडकवायच्या मधल्या खुंटीच्या थोडी पलीकडे, १५-१८ मिलिमीटर, काढून ही चूक कमीत कमी केलेली असते. हिशेब असा जमवतात की दोन ठिकाणी चूक शून्य व्हावी. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या मांडणीत ती ठिकाणं मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. हे दोन बिंदू आणि त्यांवर जाळी छापलेला कागद इंटरनेटवर फुकट मिळतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा आणि छापल्यावर पट्टी लावून कागदावरची १०० मिलिमीटरची रेघ खरंच तेवढी आहे ना ते बघा. झेरॉक्सच्या दुकानात ९७ टक्क्यांवर छापून देतात आणि मग माणूस दोन तास कार्ट्रिजशी झटत बसतो.

सुई परत लावा, कागद मधल्या खुंटीत अडकवा, पहिल्या बिंदूवर सुई टेकवा. दांडी जाळीच्या रेघांना समांतर हवी. कार्ट्रिजचा ठोकळा नव्हे, दांडी. मग दुसऱ्या बिंदूवर तेच. एकीकडे जमलं आणि दुसरीकडे बिघडलं तर कार्ट्रिज आणखी पुढे किंवा मागे. जमलं की स्क्रू एकेक करून, आळीपाळीने आवळा. पोलादी स्क्रूड्रायव्हर सुईपासून लांब ठेवा, आतलं चुंबक तो झटकन ओढतं.

चौथी पायरी: वजन, आणि त्याची भीती

आधी प्लेअर समतल करा. गवंड्याची लेव्हल प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीवर, आडवी-उभी ठेवून पायाखाली पुठ्ठे सरकवा. अँटिस्केटिंगची (आर्मला बाहेर खेचणारी, तिच्याबद्दल पुढे येतं) चकती शून्यावर. आता शेपटीचं वजन फिरवत फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असं आणा. तरंगला की वजन न हलवता त्यावरचं आकड्यांचं कडं शून्यावर आणा. मग वजन आणि कडं एकत्र फिरवून हव्या त्या ग्रॅमवर न्या.

त्या कड्यावर फार विश्वास नको. सोनं तोलायचे छोटे डिजिटल काटे स्वस्त मिळतात, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा एक घ्या. मोजताना सुई रेकॉर्डच्याच उंचीवर हवी. काटा प्लॅटरवर ठेवला तर सुई उंचावते आणि आकडा बदलतो. म्हणून प्लॅटर काढा आणि काटा त्या उंचीवर येईल असं खाली काही ठेवा.

आता या लेखातला माझा सर्वात आग्रहाचा मुद्दा. ‘रेकॉर्ड जुनी आहे, जपायला हवी, म्हणून वजन कमी ठेवलंय’ असं फार जण सांगतात. हे उलट आहे. कार्ट्रिजला २ ग्रॅम सांगितले असताना सव्वा ग्रॅमवर चालवलं की जोरकस जागेवर, म्हणजे तानेवर किंवा ढोलकीच्या थापेवर, सुई भिंत सोडते आणि परत येऊन आदळते. हिरा आहे तो. एकेका आदळण्याला भिंतीचा कपचा उडतो. पुरेशा वजनाने दोन्ही भिंतींना चिकटून जाणारी सुई रेकॉर्ड कमी झिजवते. कंपनीने १.८ ते २.२ सांगितलं असेल तर २ किंवा किंचित वर ठेवा, खाली नको. थंडीत पहाटे रबर कडक असतं तेव्हा तर नकोच.

याची दुसरी टोकाची तऱ्हा म्हणजे रेकॉर्ड अडखळते म्हणून हेडशेलवर नाणं चिकटवणं. अडखळण्याचं कारण बहुधा वेगळं असतं: आर्मच्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकलेलं, आतली वायर ताठ झालेली, किंवा प्लेअरच कलता. तरंगत्या आर्मला फुंकर मारून बघा. तो मोकळेपणाने हलायला हवा, कुठेही अडकता कामा नये.

पाचवी पायरी: बारीक जुळणी

रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना बाजूने बघा. आर्म रेकॉर्डला समांतर असावा. शेपूट वर किंवा खाली असेल आणि आर्मची उंची बदलता येत नसेल, तर प्लॅटरवरची चटई जाड किंवा पातळ घ्या. मग समोरून: प्लॅटरवर छोटा आरसा ठेवून सुई टेकवा, सुई आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसायला हवं. ‘वाय’सारखा वाक दिसला तर हेडशेल थोडं फिरवा.

आर्मला वाक असल्यामुळे सुईच्या घर्षणाने आर्म आपोआप आत ओढला जातो आणि आतल्या भिंतीवर जास्त भार पडतो. अँटिस्केटिंग त्याला बाहेर खेचतं. सुरुवातीला चकती सुईच्या भाराएवढ्याच आकड्यावर ठेवा. मग आतल्या गाण्यात स, श आणि मराठीतले दंततालव्य च-ज ऐका. उजव्या स्पीकरमधून ते फाटत असतील तर अँटिस्केटिंग कमी पडतंय, डाव्यातून फाटत असतील तर जास्त झालंय. दोन्हीकडून फाटत असतील तर सुई घाण आहे, झिजलीये किंवा भार कमी आहे.

आर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी जमते का, हे तपासायचा एक हिशेब आहे. आर्मचं प्रभावी वस्तुमान (सुईच्या टोकाशी हलताना जाणवणारं), कार्ट्रिज आणि स्क्रू यांचे ग्रॅम मिळवा. ती बेरीज रबराच्या मऊपणाच्या आकड्याने, म्हणजे कंप्लायन्सने, गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ ला भागा. ११ ग्रॅमचा आर्म, ७ चं कार्ट्रिज, १ स्क्रूंचा, बेरीज १९. कंप्लायन्स २० असेल तर गुणाकार ३८०, वर्गमूळ १९.५, उत्तर ८.२ हर्ट्झ. उत्तर ८ ते १२ च्या मध्ये हवं. त्याहून खाली गेलं की वाकड्या रेकॉर्डीवर आर्म डोलायला लागतो, वर गेलं की गाण्यातला खर्ज त्याला हलवतो. जपानी कंपन्या कंप्लायन्सचा आकडा १०० हर्ट्झला मोजून देतात. तो या हिशेबासाठी दीड ते दोन पट धरायचा.

जोडणी

चुंबकी कार्ट्रिजची वीज अगदीच थोडी असते, शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज कमी आणि बारीक आवाज वाढवून कोरलेले असतात. १९५४ पासून ठरलेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) प्रमाणानुसार ते परत सारखे करावे लागतात. हे काम फोनो प्रीॲम्प करतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. सिरॅमिकला तो नको. उलट सिरॅमिक ॲम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटला जोडलं तर कर्कश आणि फाटलेलं ऐकू येईल. प्लेअरमधून निघालेली एकटी वायर ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या (ग्राउंड) स्क्रूला लावा, नाहीतर घुंघूं आवाज जात नाही. जुन्या घरांत मीटरजवळचं अर्थिंग गंजून तुटलेलं असतं, तेही वायरमनकडून बघून घ्या.

आखातातून आणलेल्या प्लेअरबद्दल एक सूचना. सौदीत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. साधी एसी मोटर असेल तर सौदीहून किंवा अमेरिकेहून आलेला प्लेअर इथे ३३⅓ ऐवजी २८ च्याही खाली फिरतो आणि गाणारा पेंगुळलेला वाटतो. मोटरवरची पुली बदलावी लागते. कुवेत, ओमान, दुबईकडची वीज ५० हर्ट्झचीच, तिथला प्लेअर चालतो.

ठेवायचा कुठे, आणि पावसाळ्यात काय

माडीच्या लाकडी तक्तपोशीवर ठेवलात तर कोणी चाललं की सुई उडी मारते. खालच्या खोलीत, भिंतीला ठोकलेल्या फळीवर ठेवा. खाली जड काहीतरी हवं म्हणून काही जण जांभ्याचा चिरा ठेवतात. वजनाला तो छान आहे, पण त्याची लाल भुकटी सतत झडते आणि खाचांत जाऊन बसते. कडप्प्याचा तुकडा घ्या.

दमटपणाचा एक फायदाही आहे. कोरड्या हवेत रेकॉर्डवर स्थिर वीज साचून धूळ चिकटते आणि चटचट ऐकू येते. आपल्याकडे तो त्रास फारसा नाही. बदल्यात बुरशी आहे. ती कागदी पाकिटावर वाढते आणि तिथून खाचेत उतरते. अशी रेकॉर्ड न धुता लावली की अर्ध्या गाण्यात सुईवर गोळा जमतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. मग नुसत्या पाण्याने खळबळून पंख्याखाली उभी वाळवा. उन्हात नको, वाकते. लाखेच्या ७८ला स्पिरिट कधीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळलेल्या रेकॉर्डीही बघितल्या आहेत, त्यांच्यात धूळ सिमेंटसारखी बसते.

घर बंद करून मुंबईला परतायचं असेल तर सुई काढून सिलिका जेलच्या पुडीसकट छोट्या डबीत घालून सोबत न्या. आगपेटीत मावेल एवढी ती असते. बेल्ट काढून पाकिटात ठेवा. रबरी चाकावर चालणारा प्लेअर असेल तर बटण पूर्ण बंद स्थितीत असल्याची खात्री करा, नाहीतर चाक एकाच जागी दबून त्याला खळगा पडतो आणि पुढच्या वर्षी टकटक ऐकू येते. आर्म त्याच्या टेकणीवर अडकवलेला, झाकण बंद, वर सुती चादर. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. आणि वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की भिंतीतला प्लग ओढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सुई किती तास वाजली याची नोंद रेकॉर्डींच्या कपाटात एखाद्या वहीत ठेवा. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटं धरली की हिशेब सोपा जातो. सुई बदलल्यावर जुनी फेकू नका. पुढच्या वेळी कार्ट्रिज बसवताना आधी ती लावून कागदावर सगळी मांडणी करा, आणि नवी सुई शेवटी चढवा.